साकव सहा फूट चार इंच

गाडी घ्यायची ठरल्यावर मी सगळ्यात आधी विकत घेतला पाच मीटरचा टेप. चंदगडच्या बाजारात, ऐंशी रुपयांना. घरी येताना साकवावर उतरले आणि एका कठड्यापासून दुसऱ्या कठड्यापर्यंत माप घेतलं. सहा फूट चार इंच. मिलिमीटरमध्ये साधारण १९३०. पलीकडच्या बांधावर गुरं घेऊन उभा असलेला आमचा शेजारी विचारता झाला, "काय वैनी, साकव विकायला काढला काय?"

आमचं घर चंदगड तालुक्याच्या पश्चिमेला, तिलारीच्या अंगाला. डांबरी रस्ता देवळापाशी संपतो. तिथून घरापर्यंत सव्वा किलोमीटर पाणंद. मध्ये ओढ्यावर तो साकव, आणि शेवटी जांभ्याच्या कातळावरून वर येणारा चढ. उन्हाळ्यात या वाटेनं छोटी गाडी कण्हत-कुंथत घरापर्यंत येते. मृग लागला की गाडी देवळामागे ताडपत्रीखाली, आणि आम्ही घोंगडी-छत्री घेऊन पायी. मी पुण्यातल्या बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन २०२१ मध्ये इथे राहायला आले तेव्हा मला यात मौज वाटायची. मौज दोन पावसाळे टिकली.

२०२३ च्या जुलैमध्ये, तरणा पाऊस ऐन भरात असताना, आत्या (म्हणजे माझ्या सासूबाई) न्हाणीत घसरून पडल्या. कंबरेचं हाड मोडलं असावं अशी शंका. त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीला दोरीने बांधून चार माणसांनी देवळापर्यंत आणलं. सव्वा किलोमीटरला पाऊण तास लागला. मी शेजारून छत्री धरून चालले होते आणि आत्या वेदनेतही त्या चौघांना सांगत होत्या, "पोरांनो, दमानं, साकवावर शेवाळ हाय." हाड मोडलं नव्हतं, मुका मार होता. पण त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, पुढच्या पावसाळ्याच्या आत फोर बाय फोर, म्हणजे इंजिनचा जोर चारही चाकांना पोचवणारी गाडी. त्याला गाडी चालवता येत नाही, त्यामुळे त्याने फक्त "किती?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, सहा लाख, रुपयाही वर नाही. सहा लाखांत नवी फोर बाय फोर येत नाही, म्हणजे जुनीच बघायची.

लोकांना विचारायला गेलं की लोक ताकदीबद्दल बोलतात. किती अश्वशक्ती, किती टॉर्क, कुठल्या किल्ल्यावर कोण चढलं. रुंदीबद्दल कुणी बोलत नाही, कारण त्यांच्या वाटेत साकव नसतो. मी मात्र वहीत रुंद्याच लिहिल्या. मारुतीची जिप्सी १५४० मिलिमीटर. मारुतीचीच जिम्नी १६४५. महिंद्राची जुनी थार, म्हणजे २०१० ते २०२० मधली, १७२६. नवी थार १८२०. आणि कंपनीच्या कागदावरच्या या आकड्यांत आरसे धरलेले नसतात. नव्या थारला आमच्या साकवावर दोन्ही बाजूंना मिळून अकरा सेंटिमीटर राहतात, म्हणजे एका अंगाला जेमतेम तीन बोटं. पावसात, संध्याकाळी, कठडा दिसत नसताना? नको. तिची किंमतही बजेटच्या बाहेरच होती, त्यामुळे दुःख झालं नाही. जिम्नी मनात भरली होती, पण ती २०२३ मध्येच बाजारात आलेली, जुनी म्हणून मिळणार ती जवळपास नव्याच भावात.

राहिल्या दोन. जिप्सी आणि जुनी थार.

जिप्सीबद्दल मला अजूनही माया आहे. १९८५ पासून तीसेक वर्षं ही गाडी फारशी न बदलता निघत राहिली. वजनाला टनभराच्या आत-बाहेर. आणि चिखलात वजनासारखा शत्रू नाही. जड गाडी रुतते तिथून हलकी गाडी पाय उचलत निघून जाते. आमच्या तांबड्या मातीला पाऊस लागला की ती साबणासारखी होते, तिथे हे हलकेपण फार कामाचं. पण तिला चारही चाकांवर पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), आणि पाटे म्हणजे धक्के. आत्यांची कंबर आणि जिप्सीचे पाटे यांचं जमणं कठीण. शिवाय पेट्रोल. काजूच्या हंगामात बियांची पोती घेऊन दिवसाला दोन खेपा करायच्या तर हिशेब लगेच दिसतो.

तरीही एक बघायला कोल्हापूरला गेले. गाडी देखणी होती, त्यातच गोची होती. टायर भलेमोठे, टपावर दिव्यांची माळ, बॉनेटशेजारून वर गेलेलं हत्तीच्या सोंडेसारखं नळकांडं. मालक तरुण, उत्साही. "वैनी, ही गाडी न्हाई, रणगाडा हाय रणगाडा." मी म्हटलं, दादा, आम्हाला लढाईला नाही, दवाखान्यात जायचंय. मग खाली वाकून टायर वाचले. टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. पुढचे दोन टायर एका मापाचे, मागचे दोन दुसऱ्या. फोर बाय फोरला हे विष आहे. पुढची आणि मागची चाकं एका दांड्याने जोडली जातात आणि मापं वेगळी असतील तर सगळा ताण गिअरबॉक्सच्या पोटात जातो. आरसी बुकात यातला एकही बदल नोंदवलेला नव्हता. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम मूळ गाडीत असे बदल करू देत नाही, आणि अपघात झाला तर विमेवाला आधी तेच बघतो. शिवाय गाडी २००९ ची. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे घेतल्या घेतल्या पुन्हा पासिंग आणि वर हरित कर. चहा पिऊन परत आले.

थार बघायला पहिल्यांदा गोव्यात गेले, म्हापशाच्या पलीकडे. आमच्याकडून तिलारी घाट उतरला की गोवा जवळच. फोटोत गाडी आरशासारखी चकचकीत. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आठ वर्षं उभी असलेली गाडी किती चकचकीत असू शकते, हा प्रश्न मला घाटातच पडायला हवा होता. पिशवीतला स्क्रू ड्रायव्हर काढला आणि खाली झोपले. हो, चक्क सतरंजी टाकून. पन्नाशीतली बाई गाडीखाली शिरलेली बघून मालकाच्या बायकोने आतून खुर्ची आणली, काय करायची खुर्ची? चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, मागच्या पाट्याच्या वरच्या बाजूला काळा रंग नवाकोरा दिसत होता. तिथे स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याने ठोकलं. पुढे टणटण आणि तिथे थपथप. जरा जोर लावला तर टोक आत गेलं आणि खपली पडली, कुरकुरीत, वाळलेल्या चिकणमातीसारखी. खारं वारं गाडीला खालून खातं आणि वरून कुणाला कळू देत नाही. बाकी सगळं बदलता येतं, इंजिनही. चासी सडली की गाडी संपली.

मग बेळगाव. चंदगडकरांना कोल्हापूरपेक्षा बेळगाव कितीतरी जवळ, दवाखाना, लग्नाचा बस्ता, सगळं तिकडेच. तिथे केए-२२ ची एक थार चांगली होती, भावही चांगला. पण दुसऱ्या राज्यातली गाडी कायमची इकडे आणायची तर अठ्ठावीस नंबरचा फॉर्म, तिथल्या कार्यालयाचं ना हरकत पत्र, इकडे पुन्हा कर भरणं, वर्षाच्या आत नवी नोंदणी. गावात केए-२२ वर वर्षानुवर्षं फिरणारे आहेत, मला सगळे हसले. पण बँकेत सव्वीस वर्षं काढल्यावर कागद अर्धवट असलेली वस्तू घरात आणणं जमत नाही. एका हायवेवरच्या यार्डात दिल्लीच्या दोन गाड्याही दिसल्या. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आल्यापासून असा माल तेव्हा देशभर फिरत होता. त्यांच्याजवळही थांबले नाही.

शेवटी २०२४ च्या मार्चमध्ये गडहिंग्लजला एक गाडी मिळाली. २०१४ ची थार, २४९८ सीसीचं डिझेल, एमएच-०९, पहिला मालक, अठ्ठावन्न हजार किलोमीटर. मालक डॉक्टर. रंग राखाडी, एकही स्टिकर नाही, टायर कंपनीच्याच मापाचे, २३५/७० आर १६, चारही एका तारखेचे. पेडलचं रबर अठ्ठावन्न हजाराला शोभेल इतकंच झिजलेलं. गाडीवर कर्जाचा बोजा होता, तो चढवल्याचा बँकेचा कागद आणि उतरवल्याचा पस्तीस नंबरचा फॉर्म दोन्ही फाइलमध्ये, तारखेनुसार लावलेले. मला गाडीआधी ती फाइलच आवडली, हे कबूल करते.

खाली शिरले. चासी कोरडी, सगळीकडे टणटण. माझ्याबरोबर चंदगडचे मिस्त्री होते, त्यांना आम्ही सगळेच मामा म्हणतो. त्यांनी पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचं (दोन चाकांच्या मधल्या दात्यांच्या पेटीचं) बूच ढिलं करून बोटावर ऑइल घेतलं. हे मी आधी कधी बघितलं नव्हतं. ऑइल काळपट-मधाळ असेल तर ठीक. दुधाच्या चहासारखं दिसलं तर समजायचं की गाडी नदीनाल्यात बुडवलेली आहे आणि आत पाणी शिरलंय. मधाळ होतं. मग त्यांनी मधला लांब दांडा हाताने धरून उलटसुलट हिसडला, त्याच्या सांध्यातल्या क्रॉसमध्ये खट्ट होतं का बघायला. नाही झालं. सकाळी थंड इंजिन चालू केलं, क्षणभर धूर, मग साफ. ऑइलचं झाकण काढून वर हात धरला, वाफ मारत नव्हती.

डॉक्टर अभिमानाने म्हणाले, "दहा वर्षांत एकदाही चिखलात घातलेली नाही. तो छोटा लिव्हर तर मी हातही लावला नाही." मला ते ऐकून केवढा आनंद झाला. वापरलेली नाही म्हणजे झिजलेली नाही. मामा फक्त "हं" म्हणाले. त्या हुंकाराचा अर्थ मला जूनमध्ये कळला.

हा फोर बाय फोरचा लिव्हर, त्यावर चार खुणा. टू एच म्हणजे जोर फक्त मागच्या दोन चाकांना, फोर एच म्हणजे चारही चाकांना, एन म्हणजे न्यूट्रल, आणि फोर एल म्हणजे चारही चाकांना, हळू पण जास्त जोराने. मी गाडी थांबवून फोर एल टाकला, डॅशबोर्डवर दिवा लागला, आणि दवाखान्यामागच्या उतारावर ब्रेकला पाय न लावता गाडी मुंगीसारखी उतरली. चढावर कासवासारखी चढली. झालं, फोर बाय फोर चालतंय. पाच लाख चाळीस हजाराला सौदा ठरला. गाडी नावावर करायच्या एकोणतीस आणि तीस नंबरच्या फॉर्मवर दोघांच्या सह्या झाल्या.

घरी आणली तेव्हा आत्यांनी आधी चारही बाजूंनी फेरी मारली. पायरी त्यांच्या गुडघ्याच्या वर. "गं बाई, ह्यात बसायचं का घोड्यावर चढायचं?" मागची बाकं आडवी, एकमेकांकडे तोंड करून बसायची. तिथे आत्यांना बसवणं शक्यच नव्हतं. पुढची सीट त्यांची, आणि चढायला देवघरातला जुना पाट. त्या पाटाला नवऱ्याने खालून दोन ठोकळे मारले आणि दोरी बांधली, म्हणजे आत्या चढल्या की पाट दोरीने वर ओढून घेता येतो. साकवावरून पहिल्यांदा नेली तेव्हा पुतण्या पुढे उलटा चालत हाताने खुणा करत होता, विमान उतरवल्यासारखा. दोन्हीकडे जेमतेम अर्धी वीत जागा. कुठे घासली नाही.

मग मृग आला.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आत्यांची औषधं आणि गॅसचा सिलिंडर घेऊन बाजारातून परत येत होते. शेवटच्या चढाखाली थांबून शिस्तीत फोर एल टाकला. दिवा लागला. अर्ध्या चढापर्यंत झकास आली आणि मग मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. तांबडा चिखल उडून मागची काच लाल झाली. मी ॲक्सिलरेटर सोडला, पुन्हा दिला. तेच. गाडी मागे घसरून बांधाला टेकली. हातापायाला कंप सुटला होता. पुतण्या वरून पळत आला, पुढच्या चाकाजवळ उकिडवा बसला आणि म्हणाला, "काकी, परत दे बघू गॅस." मी दिला. तो म्हणाला, "पुढची फिरतच न्हाईत की."

उतरून बघितलं. पुढच्या टायरच्या खाचेत फणसाचं पिवळं पान चिकटलेलं होतं. त्याने पुन्हा सांगितलं म्हणून नवऱ्याला आत बसवून, पाय कुठे ठेवायचा ते दाखवून, गॅस द्यायला लावला. मागची चाकं किंचाळत होती आणि ते पान जिथल्या तिथे.

शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने ओढून काढली. दुसऱ्या दिवशी पाऊस उघडल्यावर मामा आले, पुढच्या चाकाची टोपी खोलली आणि मला जवळ बोलावलं. आतल्या हबमध्ये, जिथे दात दातात बसून चाक दांड्याशी जोडलं जायला हवं, तिथे ग्रीस वाळून डिंक झालेलं. बोटाने खरवडलं तर गंजाची तांबूस पूड नखात आली. हे हब आपोआप जोडणारे, लिव्हर टाकला की आतल्या आत अडकणारे. पण दहा वर्षं त्यांना कुणी हाकच मारली नव्हती. "वैनी, न वापरल्याली गाडी आणि न वापरल्याला माणूस, दोन्ही आखडत्यात," असं म्हणून मामा हसले. मला हसू आलं नाही.

मार्चमधली माझी परीक्षा कुठे चुकली तेही त्यांनीच सांगितलं. फोर एल टाकला की सगळे गिअर आपोआप हळू पण जोरदार होतात, आणि ते मागच्या चाकांनाही होतात. पुढचे हब मेलेले असले तरी गाडी मुंगीसारखी उतरते आणि कासवासारखी चढते. दिवा फक्त लिव्हर कुठे आहे ते सांगतो, चाक फिरतंय का ते नाही. खरी परीक्षा वेगळीच. कोरड्या, घट्ट जमिनीवर फोर एच टाकायचा, स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला पिळायचं आणि चार-सहा फूट हळू चालवायचं. वळताना पुढच्या चाकांची वाट मोठी, मागच्यांची लहान, आणि दोन्ही एकत्र बांधलेली असली की गाडी अडखळते, आखडते, कुणी मागून धरल्यासारखी वाटते. ते आखडणं म्हणजे सगळं जिवंत आहे. गाडी लोण्यासारखी वळली तर समजायचं, पुढची चाकं झोपलेली आहेत. दोन मिनिटांचं काम. (याच कारणासाठी डांबरी रस्त्यावर फोर एच टाकून हिंडायचं नसतं. परवा एक पाहुणे आंबोली घाट पूर्ण फोर बाय फोरमध्ये चढून आले आणि वर येऊन स्टेअरिंग जड झाल्याची तक्रार करत होते.)

मामांनी जुने हब धुऊन, नवं ग्रीस भरून बसवून बघितले. चार दिवस चालले, पाचव्या दिवशी एकच बाजू जोडायची. मग हाताने फिरवायचे हब मागवले. टोपीवर चकती असते, एकीकडे फ्री, एकीकडे लॉक. गाडीतून उतरायचं आणि दोन्ही चाकांची चकती पिळायची. लोक हे जुनाट म्हणतात, भर पावसात कोण उतरणार म्हणतात. मी रोज उतरतच नाही. मृगाला एकदा लॉक करते आणि दसऱ्याला, पाटी-वहीची पूजा झाली की, फ्री. मधले चार महिने डांबरीवर टू एच मध्ये पुढचा दांडा उगाच फिरत राहतो, डिझेल थोडं जास्त जातं, जाऊ दे.

बाकी गाडीत एअरबॅग नाहीत, एबीएस नाही, कापडी टपाच्या शिवणीतून पाणी डाव्या बाजूला ठिबकतं आणि नेमकं आत्यांच्या खांद्यावर पडतं. त्या आत बसूनही टॉवेल खांद्यावर घेतात. घाटात मागे रांग लागते. एका रात्री साकवाच्या अलीकडे गवा उभा होता, आमच्या बॉनेटएवढं कपाळ, दहा मिनिटं हलला नाही. अशा वेळी रिव्हर्स गिअर सोडून कुठल्याच गिअरचा उपयोग नसतो.

हब बदलल्यापासून पावसाळ्यात मी पाणंदीत एकदाही अडकले नाही. एकदा शेजाऱ्याचा ट्रॅक्टर अडकला होता, तो मात्र त्याचा त्यानेच काढला, माझी मदत घ्यायला त्याला लाज वाटली.

आणि आता दर रविवारी, पाऊस असो नसो, मी अंगणात गाडी चालू करते, लिव्हर फोर एल मध्ये टाकते, फणसापर्यंत पुढे आणि गोठ्यापर्यंत मागे. उन्हाळ्यात आधी उतरून चकत्या लॉक करते, नंतर पुन्हा फ्री. आत्या ओसरीवर सुपात नाचणी पाखडत बसलेल्या असतात. परवा म्हणाल्या, "झाला का तिचा व्यायाम? आता माझ्या गुडघ्याला तेल लाव."